ताणाच्या व्यायामालाही काल हवा

रुग्णास औषध देताना आपण काल व अनुपान आवर्जून लिहितो. सुश्रुतसंहितेत तर औषधसेवनाचे दहा काल वर्णिले आहेत. परंतु कंबर आखडलेल्या रुग्णास मात्र ‘थोडे स्ट्रेचिंग करीत जा’ एवढेच सांगून आपण मोकळे होतो. व्यायामाचा काल न सांगणे ही चिकित्सेतील उणीव होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पुष्कळ रुग्ण अंथरुणातून उठताच पुढे वाकून पायाचे अंगठे धरू पाहतात. कटीसाठी हीच वेळ सर्वांत प्रतिकूल असते. रात्रभर आडवे राहिल्याने कण्यातील चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. त्यामुळे पुढे वाकताना त्यांवर व अस्थिबंधांवर अधिक ताण पडतो. कटिशूलाच्या रुग्णाने उठल्यापासून निदान तासभर असे व्यायाम टाळावेत.

वाग्भटाच्या दिनचर्येत अभ्यंगानंतर व्यायाम येतो. हा क्रम सहेतुक आहे, असे आम्ही मानतो. स्निग्ध व उष्ण झालेले स्नायू सहज लांबतात. शुष्क काष्ठाचा चरकोक्त दृष्टान्त येथे चपखल लागू पडतो. आधुनिक शरीरक्रियाशास्त्रानुसारही शरीराचे तापमान सायंकाळच्या सुमारास सर्वाधिक असते आणि लवचिकताही तेव्हा वाढलेली आढळते. सकाळी अंग जड असणाऱ्यांस सायंकाळी, भोजनापूर्वीचा काल सुचवावा.

खेळाडूंबाबत वेगळा विचार हवा. खेळापूर्वी एखादा स्नायू मिनिटाहून अधिक काळ ताणून धरल्यास त्याचे बल काही वेळ घटते. म्हणून खेळापूर्वी अंग मोकळे करणाऱ्या हालचाली व खेळानंतर स्थिर ताण, हा क्रम योग्य. प्रत्येक ताण श्वास न रोखता 10 ते 30 सेकंद धरावा व आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस हा अभ्यास ठेवावा.

मात्रेचाही विसर नको. शीतकाली व वसंतात अर्धशक्ती, अन्य ऋतूंत त्याहून कमी, ही शास्त्राज्ञा आहे. वातपित्तरोगी, बाल, वृद्ध व अजीर्णी यांस वाग्भटाने व्यायाम निषिद्ध मानला आहे. सांधे आखडलेले आपले बहुसंख्य रुग्ण वृद्ध व वातप्रधानच असतात. त्यांस सौम्य ताणही वैद्याच्या देखरेखीखालीच द्यावा.

वैद्यबंधु-भगिनींनी यापुढे चिठ्ठीवर औषधाखाली व्यायामाचा कालही लिहावा. औषधालयचालकांनी नारायण तेलाची बाटली देताना ‘आधी तेल, मग शेक, मग व्यायाम’ एवढे वाक्य जरूर सांगावे. त्यास मूल्य पडत नाही. रुग्णाचा लाभ मात्र मोठा होतो.