ट्रॅक्टर चोरानं नेला की आपणच दिला?
ट्रॅक्टर चोरीला गेला की आपण पोलिसांच्या नावानं बोंब मारतो. पण लाखोंचं यंत्र उघड्या खळ्यात सोडतो, त्याचं काय? कोंबड्यांच्या खुराड्याला मात्र कडी!

"किल्ली काढलीय" म्हणून निर्धास्त राहू नका. एकाच मॉडेलच्या किल्ल्या पुष्कळदा एकमेकांना लागतात. बॅटरीची वायर काढली तरी जुनं डिझेल इंजिन उतारावर ढकलून चालू होतं. मागच्या चाकातून जाड साखळी घाला, खांबाला कुलूप लावा. चासी नंबर, इंजिन नंबर वहीत लिहून ठेवा. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही, हेही ध्यानात घ्या.

बैल दावणीला बांधल्याशिवाय आपले बाप झोपत नव्हते. ट्रॅक्टरलाही दावण पाहिजेच.