जखम एक, दुखणी चार

आरे-वाऱ्याची चढण ज्याने पायी चढली असेल, त्यास अधू पायाचे हाल निराळे सांगावयास नकोत. समजा, ह्या गावचा एखादा शिपाई सरहद्दीवर गुडघ्यास गोळी लागून घरी आला. गुडघ्यापुरती पेन्शन बसली. पुढे लंगडता लंगडता सारा भार दुसऱ्या पायावर पडून काही वर्षांत त्याची कंबर गेली. आता नांगर धरवत नाही, होडी ओढवत नाही. अर्ज केला तर जबाब येतो, "कंबर फौजेत कोठे दुखत होती?" आम्ही विचारतो, वहाळास पूर आला, तो डोंगरावरच्या पावसाने नव्हे काय?

नोकरीमुळे जडलेले किंवा नोकरीने वाढविलेले अपंगत्व पेन्शनीस पात्र, हे तत्त्व जुनेच आहे. नोकरीत सुरू झालेल्या विकाराचे फळ सुटल्यानंतर ठराविक वर्षांत दिसले व वैद्यक मंडळास तसे पटले, तर ते नोकरीचे मानावे, अशी सोय १९८२ च्या नियमांत होती. भरतीच्या वेळी ज्याची नोंद नव्हती असे दुखणे सुटताना आढळले, तर पुराव्याचे ओझे शिपायाच्या माथी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग ह्यांच्या खटल्यात ठरविले. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत. म्हणून आपली सुटण्याची तारीख आधी पाहावी.

परंतु सुटल्यानंतर उपटलेल्या दुखण्यास ह्या निकालाचा आधार पुरत नाही. तेथे दुवा दाखवावा लागतो, आणि आमचे बांधव नेमके तेथेच चुकतात. डाक्तर नुसते 'कंबरदुखी' लिहितो व आपण तो कागद घेऊन घरी येतो. गुडघ्याच्या जखमेमुळे चाल बिघडली, व चाल बिघडल्यामुळे कंबर गेली, असे कारणासह लिहून मागावे. सुटीचे पुस्तक, इस्पितळाचे कागद व मंडळाचा अहवाल पेटीत जपून ठेवावा. रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन अर्ज करावा; नाकारल्यास मुदतीत अपील करावे; पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबईचे पीठ आहे.

सरकारास आमचे सांगणे इतकेच की, मंडळाने जुनी जखम तपासताना तिच्यापासून आणखी काय उपजले, हे आपण होऊन विचारावे. शिपायाने देशास एकटा गुडघा दिला नव्हता, सगळा देह दिला होता. आणि बायामाणसांनो, घरधनी संकोचाने गप्प बसला, तर तुम्ही कागद काढा. ही कोणाची मेहेरबानी नव्हे, घामारक्ताची मजुरी आहे.