फाशीच्या वाक्यातला कर्ता

'फाशीची शिक्षा असावी की नसावी' हा विषय शाळा-महाविद्यालयांच्या निबंधलेखनात आणि वादविवाद स्पर्धांत इतका रुळलेला आहे की त्यावर लिहिल्या जाणाऱ्या मजकुराची वाक्येसुद्धा बहुतांशी ठरून गेली आहेत, आणि नेमक्या याच कारणाने तो मजकूर व्याकरणाच्या अभ्यासाला सोयीचा पडतो. मते माणसागणिक बदलतात, मात्र ती मांडणारी वाक्यरचना बहुतेकांनी एकाच साच्यातून उचललेली असते. अशा निबंधांत हमखास भेटणारी काही वाक्ये येथे नमुन्यादाखल बारावीच्या एका कल्पित विद्यार्थ्याच्या नावावर जमा केली आहेत; हा विद्यार्थी शिक्षेच्या बाजूचा आहे, त्याचा संताप खरा आहे आणि त्याचे मराठी वाईट नाही.

त्याची वही तपासताना लाल शाई बहुधा शुद्धलेखनावर खर्च होते. त्याने 'खूनाचा' लिहिलेले असते, ते 'खुनाचा' केले जाते, कारण मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांप्रमाणे 'खून' या अकारान्त शब्दातील दीर्घ उकार विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वीच्या रूपात, म्हणजे सामान्यरूपात, ऱ्हस्व होतो. त्याच न्यायाने 'वकीलाने' खोडून 'वकिलाने' केले जाते, आणि 'तात्काळ' या शब्दाखाली रेघ मारून 'तत्काळ' लिहिले जाते. ही दुरुस्ती योग्यच आहे. अडचण एवढीच की त्याच पानावर दोन ओळी खाली असलेले एक वाक्य या सगळ्यांतून सहीसलामत सुटते: 'लहान मुलीवर अत्याचार करून न्यायालय वर्षानुवर्षे तारखा देत राहते.'

'करून' हे धातूला 'ऊन' प्रत्यय लागून झालेले धातुसाधित अव्यय आहे, आणि आधीची क्रिया दाखवणाऱ्या अशा रूपाचा कर्ता व मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच असावा, ही अपेक्षा पाणिनीने संस्कृतातील समांतर रूपांसाठी सूत्रबद्ध केली होती. मराठी या बाबतीत थोडी सैल आहे. 'पाऊस पडून नदीला पूर आला' हे वाक्य कोणालाही खटकत नाही, कारण तेथे पहिली घटना दुसरीचे कारण आहे आणि कोणी जाणूनबुजून केलेली अशी कृती त्यात नाही. 'अत्याचार करून' मध्ये मात्र हेतुपूर्वक केलेली कृती आहे, म्हणून वाचणारा तिचा कर्ता पुढे शोधतो आणि त्याला सापडते ते न्यायालय. विद्यार्थ्याला म्हणायचे होते की गुन्हेगार अत्याचार करतो आणि न्यायालय विलंब लावते. व्याकरणाने दोन्ही आरोप न्यायालयावर ठेवले. हसण्यावारी नेण्यासारखी ही चूक आहे खरी, पण घाईत लिहिताना निसटलेला शब्द कोणता तर नेमका 'गुन्हेगाराने' हा कर्ता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण या निबंधात कर्ता पुढेही असाच निसटत राहतो.

मराठी व्याकरणात कर्ता, कर्म आणि क्रियापद यांच्या परस्परसंबंधाला 'प्रयोग' म्हणतात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या 1836 च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या 1911 च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत आणि त्यानंतरही प्रयोगांची संख्या, नावे व व्याख्या यांवर बरीच चर्चा झाली आहे, पण शाळेत शिकवले जाणारे तीन ढोबळ प्रकार येथे पुरेसे आहेत: क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलले तर कर्तरी, कर्माप्रमाणे बदलले तर कर्मणी, आणि दोहोंपैकी कोणालाच न जुमानता नपुंसकलिंगी एकवचनात उभे राहिले तर भावे. इंग्रजी शिकताना पाठ केलेल्या 'ॲक्टिव्ह' आणि 'पॅसिव्ह' या जोडीशी हे वर्गीकरण तंतोतंत जुळत नाही. 'न्यायाधीशांनी शिक्षा सुनावली' हे वाक्य कर्मणी असूनही त्यात न्यायाधीश ठसठशीतपणे हजर आहेत.

आता विद्यार्थ्याची तीन वाक्ये पाहावीत. पहिल्या परिच्छेदात तो लिहितो, 'अशा नराधमांना फाशी द्यावी.' येथे 'द्यावी' हे रूप 'फाशी' या कर्माप्रमाणे स्त्रीलिंगी झाले आहे, म्हणून प्रयोग कर्मणी, आणि कर्ता लिहिलेला नसला तरी 'सरकारने' किंवा 'न्यायालयाने' असा तो सहज भरता येतो. व्याकरण त्याला अध्याहृत कर्ता म्हणते. मधल्या भागात संताप वाढतो आणि वाक्य येते, 'त्यांना भर चौकात फासावर लटकवावे.' कर्माला 'ना' हा प्रत्यय लागलेला, क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी, म्हणजे प्रयोग भावे. याही ठिकाणी कर्ता भरता येतो, पण क्रियापद आता कोणाच्याच बाजूला झुकलेले नाही. शेवटच्या परिच्छेदात वाक्य असे होते: 'बलात्काऱ्याला फाशी झालीच पाहिजे.' 'होणे' हे अकर्मक क्रियापद आहे, त्याला कर्म लागत नाही, आणि 'झाली' हे रूप 'फाशी' या शब्दाशी जुळले आहे. म्हणजे या वाक्यात फाशी हीच कर्ता झाली आहे. देणारा येथे अध्याहृतसुद्धा नाही, त्याला बसायला वाक्यात जागाच उरलेली नाही. 'त्याला ताप आला', 'त्याला अपघात झाला' या वाक्यांच्या पंगतीत 'त्याला फाशी झाली' हे वाक्य बिनबोभाट जाऊन बसते.

हा दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. 'फाशी झाली' हे रोजच्या बोलण्यातले, वृत्तपत्रांच्या मथळ्यांतले निर्दोष मराठी आहे. विद्यार्थ्याकडून कर्ता केवळ नकळत गळतो असेही म्हणता येत नाही, कारण हाच विद्यार्थी स्वातंत्र्यलढ्यावर निबंध लिहू लागला की त्याची वाक्यरचना साफ पालटते. दामोदर हरी चापेकर यांना 18 एप्रिल 1898 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली, आणि त्यांचे भाऊ बाळकृष्ण व वासुदेव यांना पुढच्या वर्षी. 23 मार्च 1931 रोजी लाहोरला भगतसिंग, सुखदेव आणि खेडचे राजगुरू यांना फाशी देण्यात आली. या घटनांबद्दल विद्यार्थी बहुधा दोन प्रकारची वाक्ये लिहितो. एक, 'क्रांतिकारक हसत हसत फासावर चढले', ज्यात प्रयोग कर्तरी असून ज्याचा जीव घेतला गेला तोच कर्ता आहे, आणि मृत्यू ही त्याने स्वतः केलेली कृती आहे. दुसरे, 'इंग्रज सरकारने त्यांना फाशी दिली', ज्यात कर्ता नाव घेऊन, 'ने' प्रत्ययासह, वाक्याच्या आरंभीच उभा केला आहे. या क्रांतिकारकांना 'फाशी झाली' असेही तो एखाद्या वेळी लिहितो, पण रंगात आला की नाही. सरकार परके असेल तर कर्ता लिहायचा आणि आपले असेल तर गाळायचा, असा नियम कोणत्याही व्याकरणात दिलेला नाही, तरी तो पाळला मात्र काटेकोरपणे जातो.

कायद्याच्या भाषेचाही या गळतीला हातभार आहे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 354 मधील, आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 393 मधील, शिक्षेचे स्वरूप सांगणारे पोटकलम मूळ इंग्रजीत कर्त्याविना रचलेले आहे: दोषी व्यक्तीला मृत्यू येईपर्यंत गळफास दिला जावा, एवढाच त्याचा आशय असून फास कोणी द्यावा याचा त्यात उल्लेख नाही. परंतु तीच संहिता इतर कलमांत कर्त्यांची रांग लावते. सत्र न्यायालय शिक्षा सुनावते. ती उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही, आणि तेथे किमान दोन न्यायाधीशांच्या सह्या लागतात. पुढे सर्वोच्च न्यायालय, आणि त्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद 161 प्रमाणे राज्यपाल व अनुच्छेद 72 प्रमाणे राष्ट्रपती, जे दयेच्या अर्जावर मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने निर्णय देतात. म्हणजे 'राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळला' या वाक्यातील व्याकरणदृष्ट्या निर्विवाद कर्ता घटनेच्या दृष्टीने निवडून आलेल्या सरकारचा मुखत्यार आहे, आणि ते सरकार पुढील निवडणुकीत ज्यांच्या मतांवर उभे राहील त्यांत हा विद्यार्थीही असेल.

निबंधाचा सर्वांत आत्मविश्वासाने लिहिलेला भाग दहशतीचा. 'फाशीची भीती असती, तर हा गुन्हा घडला नसता.' क्रियापदाच्या रूपावरून बोलणाऱ्याचा हेतू कळतो त्याला व्याकरणात 'अर्थ' म्हणतात. नुसते विधान असेल तर स्वार्थ, हुकूम असेल तर आज्ञार्थ, 'द्यावी' सारखी योग्यता किंवा अपेक्षा असेल तर विध्यर्थ, आणि 'असती तर नसता' अशी न घडलेल्या गोष्टीची अट असेल तर संकेतार्थ. संकेतार्थी वाक्याची खुबी ही की त्याचे दोन्ही भाग घडलेले नसतात, त्यामुळे ते खोटे ठरवता येत नाही आणि खरेही. हाच दावा स्वार्थात आणून 'फाशीमुळे गुन्हे कमी होतात' असे लिहिले, तर लगेच पुरावा मागता येतो. विधी आयोगाने तो दोनदा मागितला: 1967 च्या 35 व्या अहवालात आयोगाने शिक्षा कायम ठेवण्याची शिफारस केली, आणि 2015 च्या 262 व्या अहवालात, जन्मठेपेपेक्षा फाशीची जरब अधिक असते असे सिद्ध होत नाही असा निष्कर्ष काढून, दहशतवादाशी संबंधित गुन्हे आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणे यांखेरीज ती रद्द करावी असे सुचवले. विद्यार्थ्याला यांपैकी कोणताही अहवाल आपल्या बाजूने वापरता आला असता. संकेतार्थात लिहिल्यामुळे त्याला दोन्हींची गरज भासली नाही.

'गुन्हेगार हा समाजाचा शत्रू असतो' या वाक्यातले एकवचन जातिवाचक आहे, म्हणजे ते एका माणसाबद्दल न बोलता संपूर्ण वर्गाबद्दल बोलते. बच्चन सिंग खटल्यात 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने दुर्मिळातील दुर्मीळ प्रकरणांपुरतीच फाशी मर्यादित करताना गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचीही परिस्थिती पाहण्यास सांगितले, ते या जातिवाचक एकवचनात करताच येत नाही.

कारणवाक्यांची स्थिती याहून बिकट आहे. मिश्र वाक्यात 'कारण' या अव्ययाने जोडलेले गौण वाक्य मुख्य विधानाला आधार देते, आणि या निबंधात असा आधार शोधावा लागतो. बहुतेक ठिकाणी त्याची जागा 'च' या शब्दयोगी अव्ययाने घेतली आहे, 'झालीच पाहिजे', 'द्यायलाच हवी', 'हाच उपाय'. कायद्याचा इतिहास येथे बोलका आहे. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे, ज्या गुन्ह्याला फाशी देता येते त्यात ती न देता कमी शिक्षा दिली, तर न्यायाधीशाला त्याचे कारण लिहावे लागे. 1955 च्या दुरुस्तीने ही अट काढली. आणि 1973 च्या संहितेने नेमके उलट करून फाशी द्यायची असेल तर विशेष कारणे नोंदवणे सक्तीचे केले. 'कारण' ने सुरू होणारे वाक्य लिहिण्याची जबाबदारी पाऊणशे वर्षांत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेली, आणि निबंधाला अजून त्याचा पत्ता नाही.

विरुद्ध बाजूचा निबंध व्याकरणात फार वेगळा असतो असे मानण्याचे कारण नाही. 'एखादा निरपराध माणूस फासावर जाऊ शकतो' या त्याच्या आवडत्या वाक्यात निरपराध माणूसच कर्ता झाला आहे, जणू तो आपल्या पायांनी निघाला. चुकीचा तपास करणारा पोलीस, खोटी साक्ष देणारा साक्षीदार आणि ती मान्य करणारे न्यायाधीश हे तिघेही वाक्याबाहेर उभे आहेत.

दोन्ही वह्यांना एकच स्वाध्याय देता येईल: 'बलात्काऱ्याला फाशी झालीच पाहिजे' हे वाक्य सर्व कर्ते भरून पुन्हा लिहावे. ते साधारण असे होईल: 'सत्र न्यायाधीशांनी विशेष कारणे नोंदवून सुनावलेली, उच्च न्यायालयाच्या किमान दोन न्यायाधीशांनी कायम केलेली, सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरलेली आणि मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावरून राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळल्यामुळे अटळ झालेली शिक्षा अंमलात आणण्यासाठी, सत्र न्यायालयाने काढलेल्या वॉरंटनुसार, येरवडा किंवा नागपूरच्या कारागृहात अधीक्षकांच्या देखरेखीखाली, शासनाने नेमलेल्या माणसाने खटका ओढावा.' शिक्षेच्या बाजूचा विद्यार्थी हे वाक्य लिहूनही आपल्या मतावर ठाम राहू शकतो, आणि तसे राहिला तर त्याचे मत आधीपेक्षा अधिक जबाबदारीचे ठरेल. वाक्य विध्यर्थी आहे, 'ओढावा' हे रूप 'खटका' या कर्माप्रमाणे पुल्लिंगी असल्याने प्रयोग कर्मणी आहे, आणि कर्ता 'ने' प्रत्ययासह जागेवर आहे. परीक्षक मात्र शब्दमर्यादेकडे बोट दाखवून समासात 'पाल्हाळ टाळा' असा शेरा मारण्याचीच शक्यता अधिक.