माळवदावरची माती आणि कंत्राटदाराचे सिमेंट

भूकंपाने माणसे मारली नाहीत, त्यांच्या घरांनी मारली, हे वाक्य सप्टेंबर १९९३ नंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात इतक्या वेळा उच्चारले गेले की त्याला आता सुभाषिताची कळा आली आहे. मंत्री ते बोलतात, अभियंते बोलतात, भूगोलाच्या तासाला मास्तरही बोलतात. शास्त्रदृष्ट्या ते चूक नाही. परंतु त्याच्या आडून दुसराच एक अर्थ ऐकणाऱ्याच्या गळी उतरवला जातो. तो असा की, मराठवाड्यातला शेतकरी अडाणी, त्याने स्वतःच्या हाताने डोक्यावर मातीचा ढीग रचला आणि त्याखाली तो गाडला गेला. सबब यापुढे घराच्या कामात त्याच्या हाताला वाव देऊ नये, ते काम जाणकारांकडे, म्हणजे व्यवहारात कंत्राटदाराकडे, सोपवावे. आमचा झगडा या अर्थाशी आहे.

आधी त्या मातीचे पाहू. उमरगा, लोहारा, तुळजापूर या पट्ट्यातील जुने घर म्हणजे दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर वासे व फळ्या आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचे माळवद. उन्हाळ्यात आत गारवा, हिवाळ्यात ऊब. माळवदावर धान्य वाळते, रात्री माणसे झोपतात. पण पावसाळ्यात ते कुठे ना कुठे गळते, आणि म्हणून मृगाच्या आधी कुटुंबातील माणसे गवत उपटतात, भेगा बुजवतात, पाण्याचा उतार धरतात आणि गळतीच्या जागी टोपलीभर नवी माती टाकून ती धुम्मसाने चोपतात. बायका भिंती लिंपतात, सारवतात. घराच्या डागडुजीची ही कामे कोणत्याही अंदाजपत्रकात नसतात. त्यांना मजुरी नसते, म्हणून त्यांना कोणी कामही म्हणत नाही.

या टोपल्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही. दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशी एक खोली घ्या. तिच्यावर अर्धा फूट माती असेल तर ती पन्नास घनफूट भरते. घनफुटाला सुमारे पंचेचाळीस किलो धरले तर सव्वादोन टन वजन झाले. दरवर्षीची भर पडत पडत तीच माती दोन फुटांवर गेली की वजन नऊ टनांवर जाते. बाप टाकत होता म्हणून मुलगा टाकतो, आणि दोन पिढ्यांत झोपलेल्या माणसांच्या वरचे ओझे चौपट होते. यात मूर्खपणा कोठे आहे? घरात पाणी येत असेल आणि हाताशी फुकट मिळणारी वस्तू माती हीच असेल, तर माणूस मातीच टाकणार. त्याला प्लास्टिकचा कागद परवडत नव्हता, आणि जुनी माती खरवडून काढल्याशिवाय नवी टाकू नये, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

सांगता आले असते काय? निश्चित आले असते. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला भूकंप झाला, सुमारे १८० माणसे दगावली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती कशा फुटतात, हे महाराष्ट्राच्या अभियंत्यांनी डोळ्यांनी पाहिले. या भिंतीला आतला आणि बाहेरचा असे दोन पदर असतात. मधल्या पोकळीत कपच्या आणि माती भरलेली असते. दोन्ही पदरांना सांधणारा आरपार दगड नसेल तर धक्क्याबरोबर एक पदर आत कोसळतो, एक बाहेर. हा धडा कोयनेच्या अहवालात राहिला, किल्लारीपर्यंत आला नाही. कारण सरकारी नकाशात मराठवाड्याचा हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता. पुढे नकाशा बदलला. पण तो बदलण्यापूर्वी जे घडले त्याची टोचणी अजून जात नाही. १९९२च्या ऑक्टोबरपासून किल्लारी परिसरात जमीन हादरत होती. लोक भीत होते, अंगणात निजत होते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या रात्रीच, तो मोठा धक्का आला. सास्तूर, होळी, राजेगाव ही आजच्या लोहारा तालुक्यातील गावे आणि लातूरच्या बाजूची किल्लारी व तिचा परिसर मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली.

पहिल्या धक्क्यापासून त्या पहाटेपर्यंत अकरा महिने होते. या अकरा महिन्यांत फावडे, टोपली आणि शिडी एवढ्या सामग्रीवर गावेच्या गावे आपली माळवदे हलकी करू शकली असती. कुटुंबातील चार माणसांनी एका खोलीवरची दीड फूट माती खाली आणायची म्हणजे काही दिवसांचे काम. सगळी माणसे वाचली असती असे आम्ही म्हणणार नाही. त्या भिंतीच तशा होत्या. पण काही हजारांच्या छातीवरचे ओझे कमी झाले असते, हे कबूल करायला कोणाची हरकत आहे? माळवदे हलकी करा, अशी मोहीम निघाली नाही. माती काढण्याच्या कामाची निविदा निघत नाही, त्याचे उद्घाटन होत नाही, त्यात टक्केवारी नाही. (ज्यांच्या नशिबी दगडी वाडा नव्हता, गावाबाहेर कुडाच्या आणि छपराच्या झोपडीत जे राहत होते, त्यांतले अनेक जण वाचले. मालमत्तेचा असा उलटा न्याय क्वचितच पाहायला मिळतो.)

आता भूकंपानंतरचे. जागतिक बँकेच्या कर्जाने १९९४ साली पुनर्वसनाचा प्रकल्प सुरू झाला. बावन्न गावे नव्या जागी उठवली गेली. तेथे घरे कशी वाटली? ज्याला जमीन नाही किंवा एक हेक्टरपर्यंत आहे त्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरांपर्यंतच्याला ४०० आणि त्यावरच्याला ७५०. निसर्गाने वाड्याला आणि झोपडीला एकाच पहाटे हलवले होते. शासनाने सातबारा पाहून पुन्हा उतरंड रचली. बैलाला गोठा नाही, सरपणाला जागा नाही, कडब्याला आडोसा नाही असे कवायतीतल्या रांगेसारखे गाव मिळाल्यावर लोकांनी काय केले? जे नेहमी करतात तेच. मागे पत्र्याची पडवी काढली, जुन्या गावचे दगड आणून आडभिंत घातली, चूल बाहेर नेली. म्हणजे हाताने घर सुधारण्याचे काम थांबले नाहीच. फक्त या वेळीही ते कोणाच्या सल्ल्याशिवाय, पुष्कळदा पुन्हा मातीत दगड रचून, चोरून केल्यासारखे झाले.

याच प्रकल्पात दुसरा एक भाग होता, आणि तो आमच्या मते खरा महत्त्वाचा होता. जी गावे उठली नाहीत तेथील लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकाने स्वतः करावे, शासनाने सतरा हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य द्यावे, अभियंत्याने मार्गदर्शन करावे, अशी ती योजना होती. तिच्यातील कामे पाहा. माळवदाची माती कमी करणे आणि खाली प्लास्टिकचा कागद अंथरणे. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपा आधार ठोकणे. भिंतीतला एखादा दगड पहारीने हलके हलके सैल करून काढायचा, समोरच्या पदरापर्यंत आरपार भोक पाडायचे, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून ते काँक्रीटने भरायचे आणि आठ-दहा दिवस पाणी मारायचे. भिंतीवर अशी भोके तीन-चार फुटांच्या अंतराने, एका वेळी एकच, शेजारशेजारची एकदम कधी नाही, आणि घणाचा घाव तर मुळीच नाही. सिमेंटच्या एका पोत्यात अशी डझनावारी भोके भरतात. जाणत्याने एकदा समोर उभे राहून करून दाखवले तर गावचा कोणताही गवंडी आणि त्याच्या हाताखाली घरातली माणसे हे काम करतील. त्याच वर्षी, १९९३ साली, भारतीय मानक ब्यूरोने कच्च्या दगडी बांधकामाच्या बळकटीसाठी मानक प्रसिद्ध केले; आरपार दगड किती अंतरावर हवेत ते त्यात आकड्यांनिशी दिले आहे. ते इंग्रजीत निघाले. वडार आणि बेलदार ज्या भाषेत दगड घडवतात त्या भाषेत नव्हे.

प्रत्यक्षात काय झाले? अनेकांनी जुन्या घराला हात न लावता त्या पैशात आणि सामानात शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली, आणि जुने घर होते तसे, डोक्यावरच्या सगळ्या मातीसह, वापरात ठेवले. याला आम्ही लोकांचा दोष म्हणत नाही, पण ही गोष्ट झाकणारही नाही. दगडाची धास्ती बसलेल्या माणसाला तोच दगड आरपार सांधला की तारतो, हे पटवायला वेळ लागतो. तेवढा वेळ यंत्रणेजवळ नव्हता. खर्चाचे हप्ते वेळेत उचलले गेले पाहिजेत याची घाई होती. सिमेंट आणि लोखंड म्हणजे सुरक्षितता, माती आणि दगड म्हणजे मरण, असे सोपे समीकरण सर्वांनाच सोयीचे वाटले. सिमेंटच्या घरालाही नीट पट्टा आणि पाणी लागते, हे त्यात बुडाले.

अपवाद घडला तो बायकांकडून. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक उभ्या केल्या. ज्या बायकांचा भिंतीशी संबंध फक्त लिंपण्यापुरता मानला जात होता, त्या पायाची खोली मोजू लागल्या, सळई किती जाडीची हे विचारू लागल्या, गवंड्याला अडवू लागल्या. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा आपल्या भागातील स्त्रिया तेथील स्त्रियांना शिकवायला गेल्या. गुजरातेत बहुसंख्य घरे मालकांनीच उभी करावीत हे धोरण पुढे मान्य झाले. त्याचा एक धडा या मातीत गिरवला गेला होता, याचा आम्हा मराठवाड्यातल्यांना अभिमान वाटायला हवा होता. तो वाटला नाही, कारण आमच्या पुढाऱ्यांच्या लेखी कर्तबगारी म्हणजे मंजूर करून आणलेले काम.

येथे दुसऱ्या बाजूच्या मंडळींनाही एक शब्द सांगितला पाहिजे. आपले काम आपण करावे, स्वावलंबनासारखे सुख नाही, असे कीर्तन आजकाल पुष्कळ चालते. शहरातला सुखवस्तू माणूस रविवारी भिंतीला खिळा ठोकतो, नळाचा वायसर बदलतो आणि श्रमाची महती गातो. त्याला सोमवारी पगार चालूच असतो. मजुराने आपल्या घराच्या भिंतीवर चार दिवस घालवले तर त्याचे चार दिवसांचे रोज बुडतात. १९७२च्या दुष्काळात याच जिल्ह्याच्या माणसांनी खडी फोडून रस्ते केले आणि त्यातून रोजगार हमीचा हक्क उभा राहिला, १९७७ साली कायदा झाला. सार्वजनिक रस्त्यासाठी फोडलेला दगड हे काम, त्याला मजुरी; आणि लेकरे ज्या भिंतीखाली झोपतात तीत बसवलेला दगड हे खासगी सुख, त्याला काही नाही. हा भेद कोणी केला? पंतप्रधान आवास योजना २०१६ साली ग्रामीण भागात सुरू झाली तेव्हा तिच्यात नव्या घरासाठी सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये आणि त्याखेरीज नव्वद ते पंचाण्णव दिवसांची अकुशल मजुरी रोजगार हमीतून देण्याची तरतूद होती. म्हणजे आपल्या घरावरचे श्रम हे मजुरीस पात्र काम आहे, हे तत्त्व शासनाने मान्य केलेले आहे. मग जुन्या घरावरचे दोन फुटांचे माळवद अर्ध्या फुटावर आणण्याचे, भिंत सांधण्याचे दिवस त्यात का धरू नयेत?

याचा जाब शासनाला विचारण्यापूर्वी आपल्याच कार्यकर्त्यांना विचारावा लागेल. घरकुलाच्या यादीत नाव घालण्यासाठी आपण मोर्चे काढले, हप्त्यासाठी तहसीलपुढे बसलो. ते योग्यच होते. पण यादीत नाव लागेपर्यंत जी पाच-दहा वर्षे माणूस जुन्या घरात काढतो, त्या घराच्या छताकडे आपल्यापैकी किती जणांनी मान वर करून पाहिले? मागणीचा अर्ज लिहिता येतो आणि थापी धरता येत नाही, असा कार्यकर्ता भूमिहीनाच्या ओसरीत पाहुणाच राहतो. शेजारच्या गवंड्याकडून, सुताराकडून, महिला मंडळातल्या त्या जुन्या संवाद सहायकांकडून शिकायला कमीपणा कसला? त्यांतल्या कित्येक जणी आता साठीच्या पुढे आहेत; त्या आहेत तोवर विचारले पाहिजे.

मृग जूनच्या पहिल्या आठवड्यात निघतो आणि मातीचे काम त्याआधी, माळवद कोरडे असताना करावे लागते. तेव्हा धाराशिव जिल्ह्यातील शाखांनी मेच्या बैठकीत हा विषय घ्यावा. आपापल्या गावात अजून किती माळवदे उभी आहेत, त्यांवर किती माती आहे, हे सळई खुपसून मोजावे आणि आकडे ग्रामसभेपुढे ठेवावेत. मजुरीचा ठराव त्याच सभेत मांडावा. आणि जेथे घरधनी म्हातारा किंवा एकटी बाई असेल तेथे माती काढायला स्वतः चढावे. काढताना ती दोन्ही बाजूंनी सारखी काढावी, कडेला ढीग लावू नये, आणि काम चालू असताना खालच्या खोलीत कोणी राहणार नाही, याची आधी खात्री करून घ्यावी.