फाटका आवाज कुणाचा?

गाणे फाटके ऐकू आले की पहिला संशय हेडफोनवर जातो. नवा हेडफोन आणूनही खरखर तशीच राहिली, तर आवाज कमी करून पाहावा. गाणे स्वच्छ झाले तर ताण उपकरणावर होता; हळू आवाजातही त्याच जागी फाटत असेल तर दोष बहुधा मुद्रणात आहे. सीडीवर ध्वनिलहरीची उंची ३२,७६७ या आकड्यापलीकडे नोंदवताच येत नाही. आपले गाणे इतरांपेक्षा मोठे वाजावे म्हणून लहर त्याहून वर रेटली की तिचे शेंडे छाटले जातात.

मेटॅलिका या अमेरिकी बँडच्या २००८ मधील ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बमचे हेच झाले. तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये अधिक स्वच्छ वाजत होती. पैसे मोजून घेतलेल्या सीडीपेक्षा खेळण्यातले गाणे सरस! चाहत्यांनी अल्बम नव्याने करण्याची मागणी केली, ती रास्तच होती.

अशा गाण्यांत शांत जागा उरत नाहीत, त्यामुळे आवाजाचे बटण तिथेच असूनही कानांवर भार वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे. शिवाय स्पॉटिफायसारख्या सेवा आता सगळी गाणी जवळपास एकाच पातळीवर आणून वाजवतात. तिथे मोठे गाणे खाली ओढले जाते. छाटलेले शेंडे मात्र परत येत नाहीत. तरीही ध्वनिमुद्रण कंपन्या ही चढाओढ कशासाठी करतात?