पडद्यावरचा जकातनाका

५ डिसेंबर २०१७ रोजी गूगलने जाहीर केले की १ जानेवारीपासून ॲमेझॉनच्या फायर टीव्हीवर यूट्यूब दिसणार नाही. कारणही लपवले नाही. ॲमेझॉन आमचे क्रोमकास्ट आणि गूगल होम विकत नाही, आपले प्राइम व्हिडिओ आमच्या यंत्रावर येऊ देत नाही, आमच्याच समूहातल्या नेस्टची काही नवी उपकरणेही तिने दुकानातून काढली, मग आम्हीही आमचे ॲप काढून घेतो, असा तो सरळ हिशेब होता. भांडण दोन बलाढ्य कंपन्यांचे होते आणि शिक्षा झाली ती पैसे मोजून यंत्र घरी आणणाऱ्या माणसाला. गूगल होम विकावे की न विकावे हे ठरवण्यात त्याचा काडीचाही वाटा नव्हता. त्याने विकत घेतलेली वस्तू मात्र त्याला न विचारता उणी करण्यात आली.

या भांडणाची सुरुवात त्याआधी दोन वर्षे झाली होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये ॲमेझॉनने आपल्या विक्रेत्यांना कळवले की ॲपल टीव्ही आणि क्रोमकास्ट यापुढे आमच्या दुकानात विकता येणार नाहीत. या यंत्रांवर प्राइम व्हिडिओ नीट चालत नाही आणि त्यामुळे ग्राहकांचा गोंधळ होतो, असे कारण दिले गेले. प्राइम व्हिडिओचे ॲप क्रोमकास्टसाठी करायचे की नाही, हा निर्णय तर ॲमेझॉनच्याच हातात होता. आपणच ॲप करायचे नाही आणि ते नाही म्हणून समोरच्याची वस्तू दुकानातून हटवायची, याला ग्राहकाची काळजी म्हणता येत नाही. दुकान आपले, यंत्र आपले आणि कार्यक्रमही आपले असले की स्पर्धकाला कुठेही अडवता येते, हे त्या दिवशी जगाला दिसले. सप्टेंबर २०१७ मध्ये गूगलने ॲमेझॉनच्या एको शो या पडद्यावरून यूट्यूब काढले आणि डिसेंबरची घोषणा त्याच मालिकेतली पुढची होती. फायर टीव्हीवर यूट्यूब पाहायचे तर ब्राउझर उघडून संकेतस्थळावर जा, अशी पळवाट ॲमेझॉनने काढून दिली. एप्रिल २०१९ मध्ये दोघींनी समेट जाहीर केला आणि जुलै २०१९ मध्ये ॲप परत आले. दीड वर्षाच्या या काळात कोणत्या न्यायालयाचा निकाल आला नाही, कोणत्या नियामकाचा आदेश आला नाही. दोघींच्या सोयीने भांडण सुरू झाले, दोघींच्या सोयीने मिटले.

एखाद्या वर्षीचा रुसवा म्हणून हे सोडून देता आले असते. पण पुढची वर्षे वेगळेच सांगतात. टीव्हीला जोडायची यंत्रे विकणाऱ्या रोकू या अमेरिकी कंपनीने ३१ जानेवारी २०२० पासून फॉक्स या प्रक्षेपकाची ॲप्स आपल्या यंत्रांवरून काढण्याची नोटीस दिली. २ फेब्रुवारीला फॉक्सवर सुपर बोल हा अमेरिकेतला सर्वाधिक पाहिला जाणारा सामना होता. तडजोड झाली, पण अगदी शेवटच्या घटकेला. त्याच वर्षी मे महिन्यात सुरू झालेली एचबीओ मॅक्स ही सेवा फायर टीव्हीवर यायला नोव्हेंबर आणि रोकूवर यायला डिसेंबरचा मध्य उजाडला. ‘वंडर वुमन १९८४’ हा चित्रपट नाताळच्या दिवशी चित्रपटगृहांबरोबरच एचबीओ मॅक्सवर येणार होता, रोकूशी करार झाला तो जेमतेम आठवडाभर आधी. ज्या तारखेला प्रेक्षक पडद्यासमोर बसणार, तीच तारीख धरून नाक दाबायचे, ही या धंद्यातली रीत होऊन बसली आहे.

२०२१ मधला रोकू आणि गूगल यांचा वाद अधिक गंभीर होता, कारण तिथे पैशापेक्षा वेगळ्या गोष्टी मागितल्याचा आरोप झाला. शोधनिकालांत यूट्यूबला खास ओळ द्यावी, यूट्यूब उघडे असताना केलेल्या शोधात इतरांचे निकाल दाखवू नयेत, यंत्रातल्या चिपबद्दलच्या आमच्या अटी मानाव्यात, असा गूगलचा आग्रह असल्याचे रोकूने सांगितले. गूगलने आरोप फेटाळले आणि रोकूच जुना करार नव्याने उकरून काढते आहे असे प्रत्युत्तर दिले. एप्रिलच्या अखेरीस यूट्यूब टीव्ही हे सशुल्क ॲप रोकूच्या दुकानातून गेले. आठवड्यातच गूगलने ती सेवा मूळ यूट्यूब ॲपच्या आत बसवली. पुढे ९ डिसेंबरनंतर नव्या रोकू यंत्रांवर मूळ यूट्यूबही मिळणार नाही अशी वेळ आली आणि मुदतीच्या आदल्या दिवशी अनेक वर्षांचा करार झाला. करारातल्या अटी जाहीर झाल्या नाहीत. शोधाची ती खास ओळ कुणाला मिळाली की नाही, हे त्या यंत्रावर रोज शोध घेणाऱ्या माणसाला सांगण्याची गरज कुणालाच वाटली नाही.

रोकूचे पहिले यंत्र मुळात नेटफ्लिक्सच्या घरात तयार झाले होते. यंत्र जवळपास तयार असताना नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी ते नेटफ्लिक्सने स्वतः बाजारात आणायचे नाही असे ठरवले. आपणच यंत्र विकू लागलो तर इतर यंत्रवाले आपल्याला जागा देणार नाहीत, ही त्यांची भीती होती. म्हणून तो प्रकल्प रोकूकडे गेला आणि २००८ मध्ये तिने ते यंत्र बाजारात आणले. एकाच हातात यंत्र आणि कार्यक्रम आले की वितुष्ट येणार, हे या धंद्यातल्या जाणत्या माणसाला तेव्हाच कळले होते. नंतरच्यांनी मात्र नेमके तेच केले: ॲमेझॉनचे यंत्र आणि प्राइम व्हिडिओ, गूगलची प्रणाली आणि यूट्यूब, ॲपलचा डबा आणि ॲपलची मालिका, रोकूचा स्वतःचा चॅनेल.

यंत्र विकून यांना फारसे मिळत नाही. रोकू तर आपली यंत्रे कित्येकदा तोट्यात विकते. कमाई येते ती होम स्क्रीनवरच्या जाहिरातींतून, ॲपमधून झालेल्या वर्गणीच्या वाट्यातून, ॲपमधल्या जाहिरातींच्या जागेतल्या हिश्शातून, रिमोटवर बटणाची जागा देण्याच्या मोबदल्यातून आणि कोण काय पाहते या माहितीतून. वॉलमार्टने २०२४ मध्ये व्हिझिओ ही टीव्ही कंपनी २३० कोटी डॉलरना घेतली, ती जाहिरातींचा हा व्यवसाय हाती यावा म्हणून. आपण ज्याला स्वस्त टीव्ही म्हणतो, तो आपल्या दिवाणखान्यात उभारलेला जकातनाका आहे. त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाकडून वसुली होते. नाकेदाराचा स्वतःचा मालही त्याच रस्त्याने जातो आणि त्याला मात्र जकात लागत नाही. आमचा आक्षेप वसुलीला नाही. यंत्र बनवायला, सुरक्षित ठेवायला खर्च येतो आणि त्याचा मोबदला मागणे रास्त आहे. नाकेदार आणि व्यापारी एकच असणे आणि दर गुप्त असणे, ही खरी खोट आहे.

भारताचा या वादाशी संबंध थेट आहे. अँड्रॉइड टीव्हीबाबत गूगलविरुद्धची चौकशी भारतीय स्पर्धा आयोगाने जून २०२१ मध्ये सुरू केली. एका करारानुसार, टीव्ही बनवणाऱ्या कंपनीला प्ले स्टोअर हवे असेल तर गूगलच्या ॲप्सचा संपूर्ण संच टीव्हीत आधीपासून घालावा लागे. दुसऱ्या करारानुसार त्या कंपनीला अँड्रॉइडमध्ये फेरफार करून तयार केलेल्या प्रणालीवर कोणतेच यंत्र काढता येत नसे. ॲमेझॉनची फायर प्रणाली नेमकी अशीच, अँड्रॉइडवरून बेतलेली. म्हणजे जी कंपनी गूगलच्या अँड्रॉइडवर चालणारे फोन विकते, तिने फायर टीव्हीचा संच काढला तर तिचा फोनचा धंदाही धोक्यात. डिसेंबर २०१९ मध्ये भारतात फायर टीव्हीचा संच आला तो मुंबईच्या ओनिडाच्या नावाने. फोन आणि टीव्ही दोन्ही मोठ्या प्रमाणावर विकणाऱ्या शाओमीचा तसा संच यायला मार्च २०२३ उजाडला.

एप्रिल २०२५ मध्ये आयोगाने या प्रकरणात तडजोड मंजूर केली. स्पर्धा कायद्यात २०२३ च्या दुरुस्तीने आलेल्या तडजोडीच्या तरतुदीखाली मिटलेले हे पहिलेच प्रकरण. गूगल २०.२४ कोटी रुपये भरेल, भारतातल्या टीव्हींसाठी प्ले स्टोअर आणि प्ले सर्व्हिसेस यांचा परवाना शुल्क घेऊन वेगळा देईल, आणि जे टीव्ही गूगलची ॲप्स घेणार नाहीत त्यांच्यावर फेरफार केलेली प्रणाली न वापरण्याची ती जाचक अट लादणार नाही. यातली परवान्याची मोकळीक खरी आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे. पण रक्कम पाहा. मोबाइलच्या अँड्रॉइड प्रकरणात याच आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये १,३३७.७६ कोटींचा दंड केला होता. शिवाय टीव्हीच्या या चौकशीला जवळजवळ चार वर्षे लागली. चार वर्षांत टीव्हीच्या बाजारात एक पिढी विकली जाऊन घरोघरी भिंतीवर बसते. त्या संचांतली होम स्क्रीन या आदेशाने बदलत नाही. आणि हा आदेश प्रणाली देणारा आणि टीव्ही बनवणारा यांच्यातल्या कराराचा आहे. ॲप देणाऱ्याला होम स्क्रीनवर कोणत्या अटींवर जागा मिळावी, याबद्दल तो काही सांगत नाही.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही, हे मात्र दिल्लीतल्या चर्चेत कुणाला आठवत नाही. केबलवाला आणि चॅनेलवाले यांचे भांडण महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराने सोसले आहे. चॅनेल अचानक बंद व्हायचे, कॅरेज फी म्हणून चॅनेलांकडून मनमानी रक्कम मागितली जायची, पहिल्या पट्ट्यात दिसायचे तर आणखी वेगळे पैसे. डीटीएच आले तेव्हा झी समूहाच्या डिश टीव्हीला स्टारची चॅनेल मिळेनात आणि स्टारची भागीदारी असलेल्या टाटा स्कायला झीची मिळेनात. ॲमेझॉन आणि गूगल दहा वर्षांनी जे करणार होते, ते आपल्याकडे आधीच घडून गेले होते. फरक इतकाच की आपल्याकडे नियम होता. दूरसंचार नियामक ट्रायने २००४ मध्येच ठरवून दिले होते की प्रक्षेपकाने आपली चॅनेल प्रत्येक वितरकाला भेदभाव न करता दिलीच पाहिजेत. ही प्रकरणे टीडीसॅट या लवादापुढे गेली आणि २००६ मध्ये लवादाने चॅनेल देण्यास बजावले. २०१७ च्या नियमांनी वितरकावरही बंधन घातले: क्षमता आणि दर जाहीर करा, साध्या चॅनेलची कॅरेज फी दर ग्राहकामागे महिना २० पैशांच्या वर नेऊ नका, चॅनेल तोडायचे तर तीन आठवडे आधी लेखी नोटीस द्या आणि प्रेक्षकालाही पडद्यावर पट्टी चालवून सांगा. यामुळे सगळे सुरळीत झाले असा दावा कुणी करणार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये दरवाढीच्या वादात मोठ्या प्रक्षेपकांनी केबल कंपन्यांची चॅनेल काही दिवस तोडलीच. पण दाद मागायला जागा होती, नियम लिहिलेला होता आणि काळा पडदा दीड वर्ष टिकला नाही.

तेच चॅनेल, तीच मालिका, तोच क्रिकेटचा सामना आता इंटरनेटवरून त्याच टीव्हीवर येतो, आणि सगळे संरक्षण गळून पडते. इंटरनेटवरून येणाऱ्या या ओटीटी सेवा ट्रायच्या कक्षेत येत नाहीत, असे प्रथमदर्शनी मत टीडीसॅटने २०२३ मध्येच नोंदवले आहे. स्पर्धा आयोग येतो तो नुकसान होऊन गेल्यावर. संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२२ मध्ये बड्या डिजिटल कंपन्यांसाठी आधीच नियम घालून देण्याची शिफारस केली. सरकारने नेमलेल्या समितीचा डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदाही मार्च २०२४ मध्ये जाहीर झाला. तो कायदा झालेला नाही. अमेरिकेतही क्लोबुशर आणि ग्रासली या दोन वेगवेगळ्या पक्षांच्या सिनेटरांनी आणलेले अशाच आशयाचे विधेयक सभागृहात मतदानाला न येताच विरले. त्यामागे कोणाची ताकद होती हे सांगायला नको.

करार हा दोन खासगी पक्षांचा मामला आहे, त्यात सरकारने पडू नये, असे म्हणणारे आहेत. गूगल आणि ॲमेझॉन समोरासमोर बसतात तेव्हा ते काही अंशी खरेही असेल. दोघींकडे एकमेकींना झोंबेल असे काहीतरी असते. पण जून २०२१ मध्ये ‘जून’ हा चित्रपट घेऊन प्लॅनेट मराठीसारखा मंच उभा राहतो, कोकणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलीत कुणी उद्या असाच मंच काढू पाहील, तेव्हा त्याच्याकडे काढून घेण्यासारखे काय असते? टीव्ही सुरू केल्यावर पहिल्या ओळीत न दिसणारे ॲप बहुतेक घरांत उघडलेच जात नाही. वयस्कर प्रेक्षक तर रिमोटवरचे छापील बटण दाबतो. वर्गणीतला मोठा वाटा नाक्यावर द्यायचा ठरला, तर छोट्या भाषेतल्या निर्मात्याच्या हाती पुढची मालिका काढण्याइतके उरत नाही. मराठी चित्रपटाला चित्रपटगृहात पडदा मिळावा म्हणून या राज्याने वर्षानुवर्षे भांडण केले. आता पडदा घरात आला आहे आणि त्यावरच्या जागेबद्दल आपण गप्प आहोत.

केंद्र सरकारने डिजिटल स्पर्धा विधेयक बाहेर काढावे आणि टीव्हीच्या प्रणालीचा त्यात नावानिशी समावेश करावा. केबलसाठी जे नियम लिहिले गेले तेच इथे लागू करता येतील: ॲपला भेदभावाविना जागा, जाहीर दर, स्वतःच्या सेवेला आणि इतरांच्या सेवेला शोधात एकच मोजमाप, आणि ॲप काढायचे तर ग्राहकाला तीन आठवडे आधी सूचना. विकलेल्या यंत्रावर विक्रीच्या दिवशी असलेले मोठे ॲप वादामुळे गेले, तर ग्राहकाला भरपाई मागता यावी, अशी तरतूद ग्राहक मंत्रालयाला आजच्या कायद्याखालीही करता येईल. भांडण चालू असेपर्यंत सेवा चालू ठेवण्याचा हंगामी आदेश काही दिवसांत मिळेल असा लवाद हवा. टीडीसॅटकडे या कामाचा वीस वर्षांहून अधिक अनुभव आहे. अधिकार तेवढा द्यायचा आहे. महाराष्ट्राच्या खासदारांनी संसदेच्या येत्या अधिवेशनात हा प्रश्न विचारावा.