बोलीवरून माणसाची पारख : कागद नसलेल्या मुलांची बाजू कोणत्या तोंडाने मांडावी?

२०२५ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस दिल्लीतील एका पोलीस ठाण्यातून पश्चिम बंगाल शासनाच्या बंग भवनास एक पत्र गेले. ताब्यात घेतलेल्या काही संशयितांकडील कागदपत्रांच्या अनुवादासाठी दुभाषा मिळावा, अशी त्यात साधी मागणी होती. परंतु ज्या भाषेचा अनुवाद हवा होता, तिचा उल्लेख बांगलादेशची भाषा असा करण्यात आला होता. त्यावरून मोठे वादळ उठले. केंद्रातील सत्ताधारी पक्षाच्या एका पदाधिकाऱ्याने खुलासा केला, की सिल्हेटीसारख्या बोली भारतातील बंगाली माणसाला जवळजवळ समजतच नाहीत, म्हणून पोलिसांची शब्दयोजना योग्य आहे. हीच सिल्हेटी आसामच्या बराक खोऱ्यात आणि त्रिपुरात पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते, हे मात्र त्या खुलाशात राहून गेले. १९४७ साली सीमारेषा आखली गेली ती जमिनीवर. जिभेवर तिची खूण उमटलेली नाही.

वाचकहो, हा वाद दूरच्या बंगालचा आहे असे समजू नये. महाराष्ट्रात त्याची मुळे जुनी आहेत. १९९८ च्या जुलैमध्ये मुंबईत पकडलेल्या बंगालीभाषक मुसलमान कारागिरांना पोलीस बंदोबस्तात रेल्वेने सीमेकडे नेले जात होते. पश्चिम बंगालमधील उलुबेरिया स्थानकावर जमावाने गाडी अडवून त्यांना सोडविले. ही आमच्याच राज्याची माणसे आहेत, असा तेथील लोकांचा दावा होता. सत्तावीस वर्षांनी, २०२५ च्या जूनमध्ये, महाराष्ट्रात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही कामगारांना उचलून बांगलादेशच्या हद्दीत ढकलण्यात आले, आणि ते भारतीय असल्याचे पुरावे पुढे आल्यावर सीमा सुरक्षा दलाला त्यांना परत आणावे लागले. दोन्ही वेळा संशयाची सुरुवात बोलण्याच्या ढंगापासून आणि नावापासून झाली. भाषेवरून एखाद्याला परकीय गृहीत धरले जात आहे काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारला विचारला.

या प्रकरणांत मुलेही होती. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील एका गर्भवती स्त्रीला तिचा पती व आठ वर्षांच्या मुलासह दिल्लीतून पकडून जूनमध्ये सीमेपार धाडण्यात आले. दुसऱ्या एका कुटुंबातील आई व तिची दोन मुले त्यांच्याबरोबर होती. सप्टेंबरमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने सर्वांना परत आणण्याचा आदेश दिला. प्रत्यक्षात ५ डिसेंबर २०२५ रोजी परत आली ती गर्भवती माता आणि तिचा मुलगा, मानवतेच्या भूमिकेतून. उरलेल्या चौघांसाठी त्या दिवशी दार उघडले नाही. या घटनेत कागदपत्रविहीन बालकांच्या संपूर्ण प्रश्नाची किल्ली आहे असे मला वाटते. हक्क सहा जणांचा सारखाच होता. लोकांच्या मनाला पाझर फोडणारे चित्र मात्र एकाच स्त्रीचे होते, आणि दार त्या चित्रापुरतेच उघडले.

बांगलादेशातून बेकायदा प्रवेश होतच नाही, असे कोणी जबाबदार माणूस म्हणणार नाही. आपल्या सीमांचे रक्षण करण्याचा राष्ट्राचा अधिकार ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीलाही मान्य आहे. २०२५ च्या जानेवारीत एका चित्रपट अभिनेत्याच्या घरात शिरून त्याच्यावर चाकूहल्ला झाला. पकडलेला संशयित बांगलादेशी असल्याचे पोलिसांनी सांगितल्यावर राज्यभर शोधमोहिमेला वेग आला. त्याच महिन्यात विलंबाने दिलेल्या जन्मदाखल्यांच्या चौकशीसाठी शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि मार्चमध्ये विलंबित नोंदणीचे नियम कडक केले. खोटे दाखले शोधलेच पाहिजेत. पण जन्माची नोंद वर्षभरात झाली नाही म्हणून नंतर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने दाखला काढणारे मराठवाड्यात कोण असतात? बहुतेक वेळा ज्यांची बाळंतपणे उसाच्या फडावर, वीटभट्टीवर किंवा पालात झाली, ते.

आणि ज्याच्यावर संशय येतो, त्यालाच सिद्ध करावे लागते. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात पुराव्याचा भार संशयितावर होता. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवा कायदा अमलात आला, त्यातही तो तसाच आहे. आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र हाती असणे म्हणजे नागरिकत्व नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट केले. नागरिकत्व कायद्याप्रमाणे १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला जवळपास प्रत्येक जण जन्माने नागरिक ठरे. त्यानंतर माता-पित्यांपैकी एकाचे नागरिकत्व आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसणेही आवश्यक झाले. म्हणजे मूल जितके लहान, तितके त्याला आई-वडिलांचे कागद अधिक लागतात.

अशा मुलांची बाजू घेणाऱ्यांसमोर मग एक मोह उभा राहतो. ‘ही पोरे बघा, अस्खलित मराठी बोलतात, शाळेत पहिली येतात, कुठे परकी वाटतात?’ हा युक्तिवाद प्रभावी आहे, आणि तो प्रामाणिकपणे केला जातो. त्याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. त्याचा हिशेब आता मांडता येतो.

१९८२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सास राज्यातील एका खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला, की देशात राहण्याचा परवाना नसलेल्या मुलांनाही सार्वजनिक शाळेत शिकू द्यावे लागेल. पालकांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देणे न्यायाचे नाही, हे त्या निर्णयाचे एक मुख्य सूत्र होते. पुढे शाळा संपवून ही मुले मोठी झाली आणि महाविद्यालयाच्या दाराशी अडली. २००१ मध्ये त्यांच्यासाठी ‘ड्रीम’ नावाचे विधेयक मांडण्यात आले. त्यामागची प्रेरणा होती शिकागोची पियानोवादक तरुणी टेरेसा ली, कोरियन आई-वडिलांच्या पोटी ब्राझीलमध्ये जन्मलेली. विधेयकावरची सुनावणी १२ सप्टेंबर २००१ रोजी व्हायची होती; आदल्या दिवशी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले आणि ती सुनावणी रद्द झाली.

त्यानंतरच्या दशकात चळवळीने एक प्रतिमा घडविली. पदवीदानाचा झगा व टोपी घातलेला, सफाईदार अमेरिकन उच्चाराचा, गुन्ह्याचा डाग नसलेला, ‘स्वतःचा काहीही दोष नसताना’ लहानपणी आणला गेलेला विद्यार्थी. २०११ मध्ये पुलित्झर पुरस्काराचे मानकरी पत्रकार होजे अँटोनिओ वर्गास यांनी, आपण फिलिपिन्समधून बाराव्या वर्षी आलो आणि आपल्याकडे वैध कागद नाहीत, हे जाहीर लिहिले. परकेपणा लपावा म्हणून चित्रपट व दूरचित्रवाणी पाहून आपण उच्चार घोटून बदलला, हेही त्यांनी सांगितले आहे. २०१२ च्या जूनमध्ये अध्यक्ष ओबामा यांनी अशा तरुणांना हद्दपारीपासून तात्पुरते संरक्षण देणारी योजना आणली. सोळा वर्षांचे होण्यापूर्वी आलेले, शाळा शिकलेले, गंभीर गुन्हा नसलेले एवढ्यांनाच ती लागू होती. आजवर आठ लाखांहून अधिक तरुणांना तिचा लाभ मिळाला. प्रतिमेने हे करून दाखविले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण किंमतही मोजावी लागली. ‘मुलांचा दोष नाही’ असे म्हणताच दोष आपोआप आई-वडिलांकडे सरकला. शेतात फळे तोडणारी, मोडकीतोडकी इंग्रजी बोलणारी आई चित्राबाहेर गेली. शाळा अर्धवट सोडलेला, एकदा पोलिसांच्या वहीत नाव आलेला मुलगाही बाहेर गेला. कृष्णवर्णीय स्थलांतरितांना तर या चित्रात जागाच नव्हती. पोलिसांची नजर ज्यांच्यावर आधीच अधिक, त्यांना निष्कलंक राहण्याची अट सर्वांत जाचक ठरते. म्हणून आफ्रिका व कॅरिबियनमधून आलेल्या तरुणांनी २०१६ मध्ये आपली वेगळी संघटना उभी केली. मूळ ड्रीम विधेयक तर आजही कायदा झालेले नाही. २०१० च्या डिसेंबरमध्ये ते सिनेटमध्ये आवश्यक साठ मतांपर्यंत पोहोचू शकले नाही.

या कथेत आपली मराठी कुटुंबेही आहेत. नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत गेलेल्या अभियंत्यांची मुले दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तेथे जातात, तेथेच वाढतात आणि एकविसावे वर्ष पूर्ण होताच पालकांच्या व्हिसाच्या छत्राबाहेर पडतात; ग्रीन कार्डाची भारतीयांसाठीची रांग तोवर हललेली नसते. अशी दोन लाखांहून अधिक मुले असल्याचे सांगितले जाते. २०१२ च्या योजनेत त्यांना प्रवेश नव्हता, कारण त्या तारखेला वैध परवाना असणे हीच त्यांची अपात्रता ठरली! दुसरीकडे ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला उतरविले. त्यांत तिघे महाराष्ट्राचे होते. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत पहिल्या गटाविषयी हळहळ ऐकू येते, दुसऱ्याविषयी क्वचितच. ‘गेलेच कशाला चोरवाटेने?’ एवढे म्हणून विषय संपतो.

शब्दांचेही असेच आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१३ मध्ये माणसाला उद्देशून ‘बेकायदा’ हे विशेषण वापरणे बंद केले. कृती बेकायदा असते, व्यक्ती नव्हे, हा त्यामागचा विचार. आमच्या वृत्तपत्रांत मात्र कारगिलच्या शिखरांवर शस्त्रे घेऊन आलेल्यांसाठी १९९९ मध्ये वापरलेला ‘घुसखोर’ हाच शब्द भंगार वेचणाऱ्या दहा वर्षांच्या मुलालाही लावला जातो.

बोलीवरून पारख होण्याचा अनुभव मराठवाड्याच्या माणसाला नवा नाही. लातूर-नांदेडकडचा तरुण पुण्यात ‘काय करूलालास?’ म्हणाला की समोरच्याच्या ओठांवर हसू उमटते आणि मुलाखतीतले त्याचे दोन गुण तेथेच कमी होतात. आमच्या शहराची तर जीभच मिश्र. (ज्या वली औरंगाबादीची दखनी वळणाची कविता अठराव्या शतकाच्या आरंभी दिल्लीकरांनी डोक्यावर घेतली, तो याच मातीतला.) वसईच्या सामवेदी बोलीत वाढलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची २०१९ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळून काही वर्षे लोटली होती. तरीही ख्रिस्ती धर्मगुरू मराठीचे प्रतिनिधित्व कसे करणार, म्हणून विरोध झाला, धमक्या आल्या. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ते संमेलन झाले. उत्तम मराठी लिहूनही ज्यांना आपलेपणाचा दाखला मागितला गेला, त्या समाजाने दुसऱ्याच्या मुलाकडून सफाईदार उच्चाराची अट घालावी, हे विचित्र दिसते.

पवित्र शास्त्रात याची दोन उदाहरणे आहेत. शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात यार्देनेच्या उतारावर एकच शब्द उच्चारायला लावून, ‘श’ म्हणता न येणाऱ्यांना ठार केले गेले. बेचाळीस हजार ही तेथे दिलेली संख्या आहे. आणि प्रमुख याजकाच्या अंगणात पेत्राला लोकांनी ओळखले ते त्याच्या गालीली बोलीवरून. भीतीपोटी तो जे बोलला ते आपण जाणतो. उच्चारामुळे पकडले जाण्याची भीती माणसाला आपल्याच माणसाची ओळख नाकारायला लावते. शहरात आलेली मुले चारचौघांत आईशी मातृभाषेत बोलायचे टाळतात, त्यामागे हीच भीती असते. ८ मे २०२५ रोजी परमगुरू लिओ चौदावे हे प्रथमच सज्जात आले, तेव्हा अमेरिकेत जन्मलेल्या या पहिल्या पोपने इंग्रजीचा एक शब्दही उच्चारला नाही. ते इटालियनमध्ये बोलले आणि मध्येच स्पॅनिशमध्ये पेरूतील आपल्या जुन्या धर्मप्रांताला अभिवादन केले. अमेरिकेतील अनेकांना ते खटकले. स्पॅनिश बोलल्यामुळे संशयाने पाहिल्या जाणाऱ्या कुटुंबांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

आपल्याकडे कागदाविना वाढणाऱ्या मुलांत सर्वांत मोठा वाटा परदेशी मुलांचा नाहीच, असे मराठवाड्यात काम करणाऱ्या कोणालाही दिसेल. पारधी समाजाचे उदाहरण घ्या. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा अनेक जमातींवर जन्मजात शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायद्याने पुसला, पण गावाच्या नजरेतून पुसला गेला नाही. पारध्यांची बोली गुजरातीशी नाते सांगणारी. अंगणवाडीत मूल ती बोलले की इतर पोरे दूर सरकतात. विमुक्त व भटक्यांकडे ओळखपत्रे व जातीचे दाखले नसणे ही मोठी अडचण असल्याचे २००८ च्या रेणके आयोगाने आणि २०१८ च्या इदाते आयोगाने नोंदविले आहे. ही मुले भूमिपुत्र आहेत, तरी त्यांच्यासाठी आकर्षक चेहरा कोणी शोधत नाही. चोरीचा संशय मात्र पहिल्यांदा त्यांच्याच पालावर येतो.

म्हणून बाजू मांडताना गुणवंत मुलाचे छायाचित्र पुढे करण्यापेक्षा कायद्याचे कलम पुढे करणे अधिक टिकाऊ, असे माझे मत आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या चौदाव्या कलमानुसार वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही बालकाला शाळाप्रवेश नाकारता येत नाही. केंद्राच्या २०१० च्या आदर्श नियमांत जन्मदाखल्याऐवजी रुग्णालयाची वा परिचारिकेची नोंद, अंगणवाडीची नोंद किंवा पालकाचे घोषणापत्र पुरेसे मानले आहे. त्या कलमात मुलाने कसे बोलावे, कसे दिसावे, पहिला नंबर मिळवावा की नाही, याविषयी अवाक्षर नाही. ते सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक बालकाविषयी बोलते. वाळूज वा शेंद्र्याच्या परप्रांतीय कामगाराच्या मुलीसही ते तितकेच लागू आहे.

अडचण येते ती खिडकीपाशी. शाळेचा कारकून आधार मागतो, आईला मराठी धड येत नाही, ती घाबरून निघून जाते आणि नोंद होतच नाही. धर्मग्रामात शाळा असेल तेथे जून महिन्यात प्रवेशाच्या टेबलावर एक धर्मभगिनी किंवा तरुण स्वयंसेवक कोऱ्या घोषणापत्रांचा गठ्ठा आणि चौदाव्या कलमाची मराठी प्रत घेऊन बसला, तर अशा आईला परत जावे लागणार नाही. ऊसतोडीहून परतलेली कुटुंबे एप्रिल-मेपर्यंत गावी येतात. त्या दिवसांत तालुक्याच्या कार्यालयात जाऊन विलंबित जन्मनोंदीचे अर्ज भरून घेता येतात. २०२५ च्या कडक नियमांनंतर या अर्जांना अधिक पुरावे लागतात, त्यामुळे दाईचा जबाब, लसीकरणाचे कार्ड आणि ग्रामपंचायतीचा उतारा आधीच जमवून ठेवावा.